तुम्ही विचारलंत म्हणून: सोयाबीनचं देवमाशाशी नातं काय?

लग्नकार्यात भेटणारे नातेवाईक विचारतात, बारावीच्या मुलांचे पालक विचारतात, शेजारचे काकाही विचारतात, "झाडाचं प्रथिन प्राण्याच्या प्रथिनाशेजारी ठेवून तू बघतेस तरी काय? त्यात सारखं काय असणार?" दर वेळी मी दोन वाक्यांत उरकते आणि मग दिवसभर चिडचिड होते. आज नीट सांगते.

सोयाबीनचं रोप उपटा आणि मुळावरची टपोरी गाठ नखाने फोडा. काम करणारी गाठ आतून गुलाबी-लाल निघते. तो रंग लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा. गाठीतल्या रायझोबियम जिवाणूंना ऑक्सिजन हवा, पण त्यांचं नत्र बांधणारं एन्झाइम मोकळ्या ऑक्सिजनने निकामी होतं. म्हणून हे प्रथिन ऑक्सिजन धरून ठेवतं आणि बेताबेताने पुरवतं. ते हिमोग्लोबिनच्याच जातीचं आहे हे 1939 सालीच जपानच्या कुबोंनी दाखवलं होतं.

पीएचडीच्या व्हायव्हात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला अलाइनमेंटच्या, म्हणजे दोन प्रथिनांचे सिक्वेन्स (अमिनो आम्लांचे क्रम) एकाखाली एक जुळवलेल्या, स्लाइडवरच थांबवलं. वर देवमाशाचं मायोग्लोबिन (स्नायूंत ऑक्सिजन साठवणारं प्रथिन), खाली ल्युपिन या शेंगवर्गीय रोपाचं लेगहिमोग्लोबिन.

"जुळतं किती?"

"वीस टक्क्यांच्या आतच, सर."

"मग हा योगायोग. मधे हव्या तेवढ्या रिकाम्या जागा सोडल्या की कुठलेही दोन सिक्वेन्स एवढे जुळतात."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. माझे गाइड कागद चाळत राहिले. मी पुढची स्लाइड लावली. दोन्ही रचना एकमेकींवर बसवलेल्या, हेलिक्सची (प्रथिनातल्या मळसूत्री वळणांची) तीच मांडणी, त्याच खळग्यात हीम हा लोह असलेला रेणू, त्या लोहाला धरणारं तेच हिस्टिडीन हे अमिनो आम्ल. ते म्हणाले, "हीम धरायचं तर प्रथिनाची घडी अशीच पडणार. दोनदा पडली असेल." आणि पान उलटलं. पदवी मिळाली, पण ते पान उलटणं अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

टक्के म्हणजे नातं नव्हे, हो! लेस्क आणि चोथिया या संशोधकांनी 1980 मध्ये नऊ ग्लोबिनं (हिमोग्लोबिन-मायोग्लोबिनच्या कुळातली प्रथिनं) ताडून पाहिली. काही जोड्यांत साम्य 16 टक्क्यांपर्यंत उतरलेलं, हेलिक्स एकमेकींपासून सरकलेल्या, तरी हीमचा खळगा शाबूत. शिवाय लेगहिमोग्लोबिनच्या जनुकात तीन इंट्रॉन (प्रथिन बनण्याआधी कापून टाकले जाणारे मधले तुकडे), त्यातले दोन प्राण्यांच्या ग्लोबिन जनुकांत आहेत त्याच जागी. पुढे बार्ली आणि भातातही हिमोग्लोबिन सापडलं. म्हणजे ते फक्त शेंगवर्गाने कुठूनतरी उचललेलं नव्हे. घडी दोनदा पडेलही, पण इंट्रॉनही त्याच जागी दोनदा?

तरीही तेव्हाच्या माझ्याशी माझं भांडण आहेच. ती म्हणायची, आकार जुळला की झालं. मी तिला टिम बॅरल ही प्रथिनांची दुसरी एक घडी दाखवते. आठ पट्ट्यांभोवती आठ हेलिक्स, झाडांत, प्राण्यांत, जिवाणूंत, अगदी वेगवेगळी कामं करणाऱ्या एन्झाइममध्ये. या सगळ्यांचा पूर्वज एकच की ही घडी अनेकदा जमून आली, यावर आजही वाद आहे. माझा कल एका पूर्वजाकडे आहे. पण ते परीक्षक आज समोर बसले, तर टिम बॅरलसाठी त्यांना पटेल असा पुरावा माझ्याजवळ नाही, आणि ग्लोबिनवर मात्र मी तसूभरही मागे हटणार नाही.