उष्णता क्रमांक

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्याचं, मराठी करायचं काम माझ्याकडं आलं होतं. म्हणजे फाउंड्रीचं नव्हे, तिथल्या सूचनाफलकांचं आणि कामाच्या पत्रकांचं. घरातल्या टेबलावर, पंख्याखाली बसून मी ते दोन दिवसांत उरकलं. एका रकान्यावर 'हीट नंबर' होतं, त्याचं 'उष्णता क्रमांक' केलं. करताना शंकासुद्धा आली नाही. हीट म्हणजे उष्णता, नंबर म्हणजे क्रमांक. यात अडायला काय आहे?

पत्रकं छापून शॉपवर गेली आणि तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं. भट्टीवरचे एक काका, पन्नाशीचे, डोक्याला पंचा गुंडाळलेला, माझं पत्रक दोन बोटांत धरून उभे.

"मॅडम, हे तुमी लिवलंय?"

"हो."

"उष्णतेला बी नंबर असतोय व्हय? मग थंडीला काय, टोकन?"

बाजूची पोरं हसली. मीही हसले, पण कान गरम झाले होते. त्या उष्णतेला खुशाल नंबर द्यावा. मग काकांनीच समजावलं. भट्टीत माल भरला, वितळला, ओतला, की झाली एक हीट. त्या खेपेच्या लोखंडात कार्बन किती, सिलिकॉन किती, हे तपासून लिहून ठेवतात आणि तिचा नंबर त्यातून निघालेल्या प्रत्येक जॉबवर, म्हणजे ओतून काढलेल्या भागावर, पडतो. पुढं कधी एखादा जॉब तडकला, तर त्या नंबरावरून माग काढत थेट त्या दिवसाच्या त्या खेपेपर्यंत जाता येतं. "जन्माचा दाखलाच की," काका म्हणाले. मग माझा चेहरा बघून त्यांना आणखी सोपं करावंसं वाटलं असावं. "गुऱ्हाळ ठाव हाय न्हवं? तितं आधण म्हणत्यात बघा. आजचं तिसरं आधण, चौथं आधण. हितं तिसरी हीट, चौथी हीट. त्येच."

मी घरी येईपर्यंत केएमटीच्या बसमध्ये त्या 'त्येच'चाच विचार करत होते.

आधण हा शब्द मला आईच्या स्वयंपाकघरातला म्हणून माहीत. भाताचं आधण, चहाचं आधण. "आधण ठेव गं" म्हणजे पाणी उकळत ठेव. गुऱ्हाळावर मात्र पाण्याचा संबंध सुटतो. एका वेळी काहिलीत बसेल तेवढा उसाचा रस, तो आटून गूळ होईपर्यंतचं सगळं काम म्हणजे एक आधण. लहानपणी मामाच्या गावी थंडीत आम्ही गुऱ्हाळावर पडीक असायचो. काहिलीखाली चुलवाण, त्यात चिपाडं सारणारा एक गडी, आणि वर काहिलीच्या कडेला गूळ करणारा गुळव्या. रस उकळायला लागला की रानभेंडीचा चिकट रस त्यात सोडायचे, घाण वर यायची, ती मळी काढून टाकायची. रस आटत १०५ अंशांच्या आसपास पोचला की काकवी, ११८च्या आसपास गूळ. हे आकडे मी नंतर वाचले. गुळव्याकडं थर्मामीटर नव्हता. तो उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडायचा, बोटांनी चाचपायचा आणि त्याची गोळी वळली की म्हणायचा, "पाक आला." एवढ्या दोन शब्दांवर चार माणसं धावायची, काहील उतरायची, गूळ गार करायच्या वाफ्यात ओतली जायची. अर्धा मिनिट उशीर झाला तर गूळ काळा पडणार. आम्ही पोरं त्या वेळी मध्ये आलो तर मार ठरलेला.

भट्टीतलं लोखंड १४०० अंशांचं, काहिलीतला पाक १२०च्या आतला. तरी दोन्हीकडं बोलणं सारखं, कारण दोन्हीकडं खेप मोजायची असते आणि वेळ चुकवायची नसते. माझ्या शब्दकोशात 'हीट'ला 'आधण' कुठं दिलेलं नाही. ते काकांना सुचलं, कारण त्यांचा बाप गुऱ्हाळात होता आणि ते स्वतः भट्टीवर. मधल्या पिढीत गावाकडून शिरोलीला फक्त माणूस आला नाही, त्याच्याबरोबर शब्दही आला. फक्त कंपनीत गेल्यावर त्यानं इंग्रजी कपडे घातले.

तेव्हापासून मला ही खोडच लागली आहे. शब्द ऐकला की तो कुणाच्या हातातून आलाय, ते बघायचं. आणि कोल्हापुरात यासाठी लांब जावं लागत नाही. गूळबाजारात 'रवा' मागा, गुळाची भलीमोठी ढेप मिळेल. माझी मुंबईची जाऊ पहिल्यांदा आली तेव्हा सासऱ्यांनी "एक रवा आणलाय" म्हटल्यावर शिऱ्याच्या तयारीला लागली होती. कुस्तीतला 'निकाल' हा तर फारच छळतो. निकाल नावाचा डावच आहे. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या खासबाग मैदानात अमुक मल्लानं तमुकाला निकाल डावावर चीत केलं, अशी बातमी पेपरात येते, आणि त्याच पानावर कोर्टाचाही निकाल असतो. १८ ऑगस्ट २०२५पासून इथं उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. आमच्या गल्लीतला वायरमन अजून म्हणतो, "सर्किट आमचं, बेंच शाळेचं, वकिलांचं त्यात काय?"

आमच्या या धंद्यातले थोर पूर्वज म्हणजे रघुनाथपंत हणमंते. शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय द्यायचं काम त्यांच्यावर सोपवलं, त्यातून राज्यव्यवहारकोश झाला. त्या काळात मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव. पण मुजुमदार काही गेले नाहीत, आडनाव होऊन बसले. आणि अमात्यही टिकले, आमच्या गगनबावड्याच्या पंत अमात्यांच्या रूपानं. लोक दोन्ही वापरतात, भांडण लावत नाहीत. मी मात्र तेव्हा फाउंड्रीच्या पत्रकातल्या 'रायझर'ला, म्हणजे साच्यातल्या जादा लोखंडाच्या वाटेला, 'उत्थापक' करून बसले होते, ते काकांनी वाचलं नाही, एवढं नशीब.

सगळेच शब्द इतके प्रेमळ नसतात. बाबांच्या तपासणीचा कागद आला, त्यात एका अवयवापुढं 'अनरिमार्केबल' लिहिलेलं. बाबा निवृत्त शिक्षक, इंग्रजी पक्कं, त्यांनी त्याचा अर्थ 'यथातथा' असा घेतला. तीन दिवस कुणाशी नीट बोलले नाहीत. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की म्हणजे काही दोष नाही, उत्तम आहे. "मग उत्तम लिवा की," बाबा म्हणाले. "चाळीस वर्षं हेच मी पोरांच्या प्रगतिपुस्तकात लिहीत आलोय." त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. भट्टीवरच्या शब्दाला निदान विचारायला काका असतात. तो कागद घेऊन माणूस एकटाच घरी येतो.

त्याच बाबांच्या नावावर गावाकडं थोडी जमीन आहे. परवा सातबाऱ्याचा उतारा काढला, भाचीनं तो हातात घेतला. नमुना सात म्हणजे मालकी-हक्काचा, बारा म्हणजे पिकांचा, एवढं मी तिला सांगत होते, तोवर तिची नजर एका ओळीवर अडली.

"मावशी, जमिनीचं पोट खराब आहे?"

पोटखराब म्हणजे आपल्याच गटातला, पण लागवडीला न येणारा तुकडा: ओढा-वगळ, खडक, बांध. मी ते सांगायला तोंड उघडलं, पण बाबा आधीच खुर्चीतून वाकले होते.

"व्हय," ते म्हणाले, "तिकडं वगळ हाय. पावसाळ्यात सारखं वाहतंय."

भाची हसून लोळायला लागली. आतून आईचा आवाज आला, आधण कधीचं उकळतंय, चहा टाकणार आहे का कुणी?