एक नंबरचे दोन मीटर

आज अख्खा दिवस एका आकड्यापायी गेला.

एकाच आरएस-४८५ लाइनवर (सगळ्यांची मिळून ए-बी वायरींची एकच जोडी) चौदा एनर्जी मीटर, बोलायची भाषा मॉडबस आरटीयू: मास्टर, म्हणजे विचारणारं यंत्र, एकेका मीटरला त्याच्या नंबराने, म्हणजे पत्त्याने, हाक मारतो आणि तो मीटर उत्तर देतो. तक्रारी दोन: एक नंबरचा मीटर मधूनच सीआरसी एरर (निरोप वाटेत बिघडल्याची खूण) देतो आणि नऊ नंबर उत्तरच देत नाही. मी दोन वेगळे बिघाड समजून बसलो. ए-बी वायरी तपासल्या, दोन्ही टोकांचे १२० ओहमचे रेझिस्टर मोजले, बॉड रेट (बोलण्याचा वेग), पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) पाहिली. सगळं ठीक. (इथे चहा झाला, आणि थोडी चिडचिडही.)

मग एक नंबरच्या वायरी काढल्या आणि मास्टरवरून एक नंबरलाच हाक मारली. उत्तर आलं! स्वच्छ, एकही एरर नाही. काढून ठेवलेला मीटर बोलेल कसा?

नऊ नंबरचा मीटर मध्यंतरी कुणीतरी बदलला होता. नव्या मीटरचा पत्ता कारखान्यातूनच १ येतो, तो बदलायचा राहिला. त्यामुळे एक नंबरला विचारलं की दोघंही एकदम बोलायचे आणि मास्टरच्या कानावर नुसता गोंगाट. मॉडबसमध्ये पत्ता कुणी आपोआप देत नाही, तो आपणच द्यायचा, १ ते २४७ मधला. शून्य सगळ्यांना एकदम सांगण्यासाठी राखलेला.

दुरुस्तीला दोन मिनिटं लागली. मीटरचीच बटणं दाबून पत्ता ९ केला, बंद करून चालू केला. आता प्रत्येक मीटरवर मार्करने नंबर लिहिलाय. अक्षर घाणेरडं आहे, पण वाचता येतंय.