हेडलाइटचा प्रकाश पांढरा हवा, पण नियमात बसणारा

हॅलोजन बल्बचा पिवळसर उजेड आता अनेकांना जुनाट वाटू लागला आहे. नव्या गाड्यांना कारखान्यातूनच एलईडी हेडलाइट बसून येतात आणि त्यांच्या शेजारी सिग्नलला उभी राहिलेली आपली आठ-दहा वर्षांची गाडी फिकी दिसते. ही भावना मी पूर्णपणे समजू शकतो, कारण माझ्या हॅचबॅकला मलाही पांढरा प्रकाश हवाच होता. मात्र पुण्यात नाना पेठेतल्या दुकानांत चौकशी करू लागल्यावर लक्षात आले की, गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघेही फक्त रंगाबद्दल बोलतात. तो प्रकाश रस्त्यावर नेमका कुठे पडणार, आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत किती जाणार, याबद्दल फारसे कुणी विचारत नाही. बल्ब निवडताना खरा प्रश्न तोच आहे.

प्रकाशाचा रंग केल्व्हिनमध्ये सांगतात. साध्या हॅलोजन बल्बचा रंग सुमारे 3200 केल्व्हिन असतो, तर भर दुपारच्या उन्हाचा सुमारे 5500. आकडा वाढत जातो तसा प्रकाश आधी पांढरा आणि मग निळसर होत जातो, पण त्याने उजेड वाढत नाही. उजेड ल्यूमेनमध्ये मोजतात आणि तो हिशेब वेगळा आहे. ‘पांढरा’ म्हणून विकला जाणारा हॅलोजन बल्ब आतून हॅलोजनच असतो, त्याच्या काचेवर फक्त निळसर लेप असतो. हा लेप पिवळा-तांबडा भाग अडवतो, म्हणजेच तयार झालेला काही प्रकाश बाहेर पडूच देत नाही, आणि ही तूट भरून काढण्यासाठी फिलामेंट, म्हणजे आतली तापणारी बारीक तार, अधिक तापवावे लागत असल्यामुळे असा बल्ब साध्या बल्बच्या मानाने लवकर जातो. पांढरेपणाची ही किंमत आधीच माहीत असलेली बरी. शिवाय पावसाळ्यात ताम्हिणीसारख्या घाटात धुक्यावरून आणि पावसाच्या धारांवरून परत येणारा निळसर प्रकाश पिवळसर प्रकाशापेक्षा डोळ्यांना अधिक खुपतो.

आता कायद्याकडे वळू. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 105 हेडलाइटकडून 155 मीटरपर्यंतचा रस्ता स्पष्ट दिसण्याची अपेक्षा करतो, आणि लगेच पुढचा नियम 106 सांगतो की, समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत अशा रीतीने प्रकाश खाली वळवलेला असला पाहिजे. हे दोन्ही नियम एकत्र वाचले पाहिजेत, कारण भरपूर उजेड द्यायचा आणि तरी तो वर जाऊ द्यायचा नाही, हीच तर हेडलाइटची सगळी कारागिरी आहे. याखेरीज मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करण्यास मनाई करते, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड होऊ शकतो.

ही कारागिरी समजून घ्यायची असेल तर अनेक छोट्या गाड्यांत असणारा एच4 प्रकारचा हॅलोजन बल्ब हातात घेऊन नीट पाहावा. काचेला मात्र बोट लावू नये, कारण बोटांचा तेलकटपणा तापलेल्या काचेवर डाग पाडून बल्बचे आयुष्य घटवतो. आत दोन फिलामेंट दिसतील, एक अप्परचे (लांबवर जाणारा प्रकाश) आणि एक डिपरचे (खाली वळवलेला प्रकाश). डिपरच्या फिलामेंटखाली धातूची एक इवलीशी वाटी असते. रिफ्लेक्टरच्या, म्हणजे बल्बमागच्या चकचकीत परावर्तकाच्या, खालच्या अर्ध्या भागावर पडून वर उसळला असता तो प्रकाश ही वाटी अडवते आणि त्यातूनच भिंतीवर वरचा अंधार आणि खालचा उजेड वेगळे करणारी स्वच्छ आडवी रेघ तयार होते. आपल्याकडे वाहने डावीकडून चालत असल्यामुळे ही रेघ डाव्या बाजूला किंचित वर चढते, म्हणजे कडेने चालणारा माणूस वेळेत दिसतो आणि समोरचा चालक मात्र अंधारात राहतो. फिलामेंटची जागा एखाद-दुसऱ्या मिलिमीटरने हलली तरी हे सगळे बिघडते. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये कोंबलेले बाजारू एलईडी किट नेमके इथेच फसते: त्याच्या चिप पट्टीच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे चहूबाजूंनी प्रकाश देणाऱ्या बारीक फिलामेंटची जागा त्या हुबेहूब घेऊ शकत नाहीत, आणि रेघ फुटून प्रकाश वर पसरतो. चालकाला जवळचा रस्ता लख्ख दिसतो म्हणून तो खूश असतो. समोरच्या दुचाकीस्वाराला काही क्षण काहीच दिसत नाही. एचआयडी (फिलामेंटऐवजी वायूतील विजेच्या ठिणगीने उजेड देणाऱ्या) बल्बच्या किटचीही हीच गत आहे. रात्री दुपदरी राज्यमार्गावर ज्याने हा मारा सोसला आहे, त्याला हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

म्हणून मी ठरवले की, प्रकार एच4 च, वॅट मूळचेच म्हणजे 60/55 (अप्पर/डिपर), आणि रंग 4000 ते 4300 केल्व्हिनच्या आसपास. फिलिप्स आणि ओसराम या दोन्ही कंपन्यांचे असे बल्ब मिळतात. भारतात बल्बसाठी एआयएस 034 हे मानक आहे आणि ते युरोपातील आर37 नियमाच्या धर्तीवर आहे. त्यामुळे बल्बच्या बुडाशी मान्यतेचे वर्तुळातले ‘ई’ चिन्ह आणि त्याशेजारी देशाचा आकडा (जर्मनीसाठी 1, नेदरलँड्ससाठी 4) कोरलेला आहे का, हे मी आधी पाहतो. 5000 केल्व्हिनच्या पुढचे हॅलोजन बल्ब अनेकदा ‘फक्त ऑफ-रोड वापरासाठी’ अशा बारीक अक्षरांतल्या सूचनेसह विकले जातात, तेव्हा खोके उलटून वाचलेच पाहिजे. 100/90 वॅटच्या बल्बचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण तो नियमात बसत नाहीच, शिवाय मूळ वायरिंग, होल्डर आणि रिफ्लेक्टरचा मुलामा त्या उष्णतेसाठी बनवलेलाच नसतो.

खोक्यावरच्या ‘130 टक्के अधिक प्रकाश’ अशा दाव्यांबद्दलही थोडे सांगायला हवे. एच4 साठी नियमाने ठरवलेला प्रकाश अप्परला 1650 आणि डिपरला 1000 ल्यूमेन आहे आणि त्यात 15 टक्के कमी-अधिक चालते. त्यामुळे मान्यताप्राप्त बल्ब एकूण उजेड दुप्पट करूच शकत नाही. तो टक्का रस्त्यावरच्या एखाद्या ठरावीक भागापुरता आणि कायद्याने लागणाऱ्या किमान प्रकाशाशी तुलना करून काढलेला असतो.

खरोखर उजेड वाढवायचा असेल तर आधी हेडलाइटची काच पाहावी. ती पॉलिकार्बोनेटची असते, उन्हाने पिवळी आणि धुरकट होते, आणि पॉलिश करून वर संरक्षक लेप दिला तर नव्या बल्बाहून अधिक फरक पडतो. त्यानंतर होल्डरपाशी व्होल्टेज मोजून घ्यावे, कारण व्होल्टेज पाच टक्क्यांनी घटले तर हॅलोजनचा उजेड साधारण सोळा टक्क्यांनी घटतो. जुन्या गाडीत रिलेसह (हेडलाइटला बॅटरीतून थेट वीज देणाऱ्या स्विचसह) चांगली वायरिंग टाकल्यावर तोच बल्ब आपोआप अधिक पांढरा दिसतो.

बल्ब नेहमी जोडीनेच बदलावेत. बसवून झाल्यावर टायरमध्ये योग्य हवा भरून, सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करून डिपर लावावा: हेडलाइटच्या मध्याच्या उंचीपेक्षा ती रेघ सुमारे दहा सेंटीमीटर खाली पडली पाहिजे, निदान बहुतेक छोट्या गाड्यांचे माप तेवढे असते. मागे माणसे आणि सामान भरले की गाडीचे नाक वर उचलले जाते, त्या वेळी डॅशबोर्डवरचे 0 ते 3 आकड्यांचे चाक फिरवून प्रकाश खाली घ्यावा.