कुत्र्याच्या नाकाची परीक्षा

कुत्र्याचे नाक किती तीक्ष्ण असते, हे सांगून बहुतेक लेख थांबतात. मला त्यापुढचा प्रश्न अधिक अवघड वाटतो: कुत्रा जे उत्तर देतो ते खरोखर वासावरूनच देतो, हे ठरवायचे कसे?

नाकाच्या क्षमतेबद्दल वाद नाही. हुंगताना आत घेतलेल्या हवेचा काही भाग फुप्फुसांकडे न जाता नाकाच्या मागच्या बाजूला असलेल्या, गंधपेशींनी भरलेल्या पोकळीत शिरतो आणि उच्छ्वास नाकपुड्यांच्या कडेच्या फटींतून मागे जातो, त्यामुळे पुढचा वास विस्कटत नाही. हे सारे सेकंदाला साधारण ५ वेळा घडते.

मात्र कुत्रा वासाबरोबर माणसालाही वाचत असतो. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कुत्रा आणि त्याला हाताळणारा माणूस, म्हणजे हँडलर, यांच्या १८ जोड्यांनी १४४ शोध घेतले. अमली पदार्थ किंवा स्फोटके कुठेच ठेवलेली नव्हती, पण ती असू शकतात आणि काही जागी लाल कागद ही त्यांची खूण आहे, असे हँडलरना सांगण्यात आले होते. तरीही १४४ पैकी केवळ २१ शोध वास लागल्याच्या इशाऱ्याविना पार पडले. यात दोष एकट्या कुत्र्याचा मानता येणार नाही, कारण कुत्र्याने इशारा दिला असे जाहीर करणारा हँडलरच असतो.

कर्करोगाच्या संशोधनात अडचण आणखी सूक्ष्म होते. २००४ सालच्या एका ब्रिटिश अभ्यासात ६ कुत्र्यांनी मूत्राशयाच्या कर्करोगाचे लघवीचे नमुने ४१ टक्के वेळा अचूक निवडले, जिथे निव्वळ योगायोगाने १४ टक्के यश आले असते. प्रशिक्षणात एका ‘निरोगी’ व्यक्तीच्या नमुन्यावर कुत्रे पुन्हा पुन्हा अडत होते आणि पुढील तपासणीत त्या व्यक्तीच्या मूत्रपिंडात कर्करोग आढळला. किस्सा विलक्षण आहे खरा, परंतु एवढ्यावरून कुत्र्यांना दवाखान्यात नेमावे असे मला वाटत नाही. प्रोस्टेट कर्करोगाच्या नंतरच्या एका प्रयोगात असे दिसले, की कुत्रे रोगाचा सामाईक वास न शिकता प्रशिक्षणातले एकेक नमुनेच लक्षात ठेवत होते. साहजिकच नवे नमुने समोर येताच त्यांची हुशारी ओसरली.

म्हणूनच उत्तर जागच्या जागी पडताळता येते, त्या उपयोगांवर माझा भरवसा अधिक आहे. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर ऑर्का देवमाशांची विष्ठा बोटीवरच्या कुत्र्यांकरवी शोधली जाते. बोट वाऱ्याला आडवी चालते, वास येताच कुत्रा त्या दिशेला झुकतो, त्याप्रमाणे बोट वळवली जाते आणि विष्ठा पाण्यावर दिसली की इशारा खरा ठरतो. अशा नमुन्यांतील संप्रेरकांवरून २०१७ साली असे मांडण्यात आले, की २००८ ते २०१४ या काळात तेथील ऑर्कांच्या लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी ६९ टक्क्यांपर्यंत अयशस्वी ठरल्या आणि त्यामागे त्यांचे मुख्य खाद्य असलेल्या चिनुक साल्मन माशांची टंचाई हे मोठे कारण होते.