सकाळी आठ, दुपारी तीन

आमचं देवगडचं घर रस्त्याच्या खूप खाली, म्हणजे बाजारात जायचं तर जांभ्याच्या पायऱ्यांची घाटी चढायची. मागच्या आंब्याच्या सीझनला अण्णा दर दहा पायऱ्यांवर थांबायला लागले, विचारलं की म्हणायचे समुद्र बघतोय. सत्तर वर्षं बघितलेला समुद्र! शेवटी कबूल केलं की चढताना छातीत आवळतं आणि थांबलं की जातं. टेस्ट झाल्या, अँजायना निघाला, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत येणारी कळ.

अण्णांना दमा, म्हणून डॉक्टरांनी बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी, पण दम्यात श्वास अडवू शकते) टाळला आणि दोन गोळ्या दिल्या, अम्लोडिपिन सकाळी एक आणि मोनोनायट्रेट दिवसातून दोनदा. शिवाय खिशात ठेवायला सॉर्बिट्रेट, कळ आली तर जिभेखाली ठेवायची नायट्रेटचीच गोळी. दोनदा म्हणजे कधी ते कोणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. मी शिस्तीत सकाळी आठ आणि रात्री आठ असा अलार्म लावला. पहिले काही दिवस डोकं ठणकलं, मग थांबलं, आम्ही खूश. आणि थोड्या दिवसांनी घाटीवर परत समुद्रदर्शन सुरू.

डॉक्टरांनी वेळा विचारल्या आणि म्हणाले, इथेच घोळ आहे, दुसरी गोळी दुपारी तीनला द्या. नायट्रेट सतत अंगात राहिलं की रक्तवाहिन्या त्याला सरावतात आणि मग जुमानत नाहीत, त्यामुळे रोज दहा-बारा तास तरी अंग त्याच्यापासून मोकळं लागतं. म्हणजे माझी ती बारा-बारा तासांची शिस्तच नडली. हे डायनामाइटच्या कारखान्यातल्या कामगारांना आधीपासून माहीत होतं, तिथे हवेतच नायट्रोग्लिसरीन (तेही नायट्रेटच), आठवडाभरात डोकेदुखी जायची, रविवारची सुट्टी झाली की सोमवारी परत डोकं धरायचं. आणि तेच नायट्रोग्लिसरीन 1879 साली विल्यम मरेल या डॉक्टरने अँजायनाच्या पेशंटवर वापरून छापलं. पुढे खुद्द आल्फ्रेड नोबेलला म्हातारपणी हृदयासाठी तेच लिहून दिलं गेलं. गंमतच आहे.

अम्लोडिपिनला असली सुट्टी लागत नाही. ते कॅल्शियम चॅनल ब्लॉकर (रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत कॅल्शियम शिरण्याची वाट अडवून त्यांना सैल करणारं औषध), अंगात इतकं रेंगाळतं की दिवसाला एक गोळी पुरते. पण ते काम सुरू करायलाही तासन्‌तास लावतं, म्हणून छातीत कळ आल्यावर ते घेऊन काही होत नाही, आणि हे मुद्दाम लिहितेय कारण अण्णांनी एकदा नेमकं तेच केलं होतं, सॉर्बिट्रेट "जपून" ठेवलं आणि सकाळची गोळी दुसऱ्यांदा गिळली! कळ आली की बसायचं (उभं राहून घेतली तर बीपी पडून चक्कर येते), सॉर्बिट्रेट जिभेखाली, आणि पाच मिनिटांत कमी नाही झालं तर 108 ला फोन.

दोन्हींचं काम मला विहिरीवरच्या पंपावरून समजलं. नायट्रेट मुख्यतः शिरा सैल करतं, हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं, म्हणजे पंपाला उपसायलाच कमी. अम्लोडिपिन धमन्या सैल करतं, म्हणजे वर बागेत जाणारा पाइप रुंद केला, ढकलायला जोर कमी. आणि दोघंही हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या थोड्या उघडतात. त्या वाहिन्या आखडूनच कळ येत असेल, बऱ्याचदा पहाटे, तर कॅल्शियम चॅनल ब्लॉकर गोळ्या जास्त कामाच्या. त्यांच्यातलेच डिल्टियाझेम आणि वेरापामिल मात्र हृदयाचे ठोके पण कमी करतात, म्हणून एकाची गोळी दुसऱ्याने खाऊ नये. आमच्याकडे वाडीत ही पद्धत फार.

मग अण्णांचे घोटे सुजले. शेजारच्या काकी बघून गेल्या, "माका वाटता हत्तीपाय असतलो." घरभर टेन्शन. निघालं अम्लोडिपिनचंच, धमन्या सैल झाल्या की पाणी घोट्यांत उतरतं, लघवीच्या गोळीने ते फारसं हटत नाही. डॉक्टरांनी डोस निम्मा केला आणि सूज उतरली, काकींना अजून पटलेलं नाही.

आता भांडण फक्त तीनच्या गोळीचं, कारण ती बरोबर वामकुक्षीच्या मध्ये येते. अलार्म वाजला की अण्णा डोळे न उघडता हात पुढे करतात आणि आई रोज म्हणते, अहो, पाणी तरी उठून प्या.