ऑनररी नायब सुभेदार हा हुद्दा कागदावर चढवताना: माझा अनुभव

दोन-अडीच दशकं फौजेत काढलेल्या निवडक हवालदारांना निवृत्तीवर ‘ऑनररी नायब सुभेदार’ हा, हवालदाराच्या वरच्या हुद्द्याचा, मानद दर्जा मिळतो. या याद्या 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टच्या निमित्ताने निघतात. माजी सैनिकांची पेन्शनची कागदपत्रं लावून देण्याचं काम मी करतो. माझा अनुभव असा, की हा मान मिळालेल्या कित्येकांच्या पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) आजही ‘हवालदार’ असंच लिहिलेलं असतं. अशा माजी सैनिकाचा गावात सत्कार करायचा तर सुरुवात त्याचे कागद तपासण्यापासून करावी.

असं होण्याचं कारण साधं आहे. डिस्चार्ज बुक, म्हणजे सैनिकाच्या सेवेची नोंद असलेलं पुस्तक, निवृत्तीच्या वेळी तयार होतं आणि मानद दर्जाची यादी बहुतेकदा त्यानंतर येते. त्या यादीचं पत्र रेकॉर्ड ऑफिसकडून (सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडून) घरच्या पत्त्यावर जातं. माणूस गाव सोडून पुण्याला किंवा मुंबईला सिक्युरिटीच्या नोकरीला गेला असेल, तर ते पत्र परत फिरतं. म्हणून पहिलं काम म्हणजे संरक्षण खात्याच्या ‘स्पर्श’ या पेन्शन पोर्टलवरून पीपीओ उतरवून घ्यायचा आणि डिस्चार्ज बुकशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहायचा. हुद्दा, ग्रुप (ट्रेडनुसार ठरणारा वेतनगट), पेन्शनसाठी धरलेल्या सेवेची वर्षं-महिने, जन्मतारीख आणि पत्नीचं नाव, एवढं नीट बघा.

दर्जाचं पत्रच हाती नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करावा लागतो. तो आपापल्या रेजिमेंटच्याच रेकॉर्डला गेला पाहिजे: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, गार्ड्सचं कामठीला, आर्मर्ड कोअर आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्री या दोन्हींचं अहिल्यानगरला. अर्जात आर्मी नंबर, शेवटचं युनिट, निवृत्तीची तारीख आणि आत्ताचा पत्ता द्यायचा. सोबत डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार यांच्या साक्षांकित प्रती जोडायच्या. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या पत्रासह स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पावती जपून ठेवावी. उत्तर आलंच नाही, तर माहिती अधिकारात 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून दर्जाच्या आदेशाची प्रत मागता येते. मोघम ‘माझी माहिती द्या’ असं लिहू नका. कोणत्या आदेशाची प्रत हवी ते स्पष्ट लिहा.

गाडी सर्वांत जास्त अडते ती नावावर. फौजेत नाव बऱ्याचदा वडिलांच्या नावाशिवाय नोंदवलेलं असतं, आधारवर मात्र पूर्ण तिहेरी नाव. पवार आणि पोवार, शिंदे आणि सिंदे असे इंग्रजी स्पेलिंगचे फरक तर विचारू नका. त्याहून अवघड प्रकरण पत्नीच्या नावाचं. आपल्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलण्याची रीत होती. पार्ट टू ऑर्डरमध्ये (सैनिकाच्या कौटुंबिक नोंदींच्या फौजी आदेशात) माहेरचं नाव गेलेलं असतं, आधारवर आणि बँकेत सासरचं. नवरा हयात असेपर्यंत ते कुणाच्या लक्षातही येत नाही. फॅमिली पेन्शनची वेळ आली की सगळं अडून बसतं. यासाठी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणीचा दाखला, ग्रामपंचायतीचा दाखला आणि पती-पत्नीचा एकत्र फोटो रेकॉर्ड ऑफिसला पाठवायचा. तिथे नवी पार्ट टू ऑर्डर निघते, मग प्रयागराजचं पीसीडीए (पेन्शन), म्हणजे संरक्षण खात्याचं पेन्शन मंजूर करणारं लेखा कार्यालय, दुरुस्त पीपीओ काढतं. हा क्रम उलटा होत नाही. बँकेत जाऊन नाव बदलून आणल्याने काहीच साधत नाही, हे मी प्रत्येकाला आधीच सांगतो.

आता पैशाचं. पूर्वी या मानद दर्जाबद्दल पेन्शनमध्ये महिन्याला 100 रुपये जादा मिळत. सहाव्या वेतन आयोगानंतर, 12 जून 2009 च्या पत्राने, 1 जानेवारी 2006 पासून हा दर्जा पेन्शन ठरवण्यापुरती पदोन्नती मानला गेला आणि ते 100 रुपये बंद झाले. ग्रॅच्युइटी आणि रजेच्या पैशांना मात्र तो लागू नाही. 2006 पूर्वी निवृत्त झालेल्यांना आधी वगळलं होतं. 2010 मध्ये चंदीगडच्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि सर्वोच्च न्यायालयातही तो टिकला. त्या काळातले काका लोक अजून जुन्याच हुद्द्यावर पेन्शन घेत असतील, तर त्यांचे कागद सर्वांत आधी तपासा. वन रँक वन पेन्शनचे (समान हुद्दा आणि समान सेवेला समान पेन्शन) तक्ते 2014, 2019 आणि 2024 च्या 1 जुलैपासून लागू झाले. तक्ता हुद्दा, ग्रुप आणि सेवेची वर्षं बघतो. पीपीओवर हुद्दा चुकला, की पुढची प्रत्येक वाढ चुकीच्याच रकान्यातून येते.

एक गल्लत नेहमी होते. एमएसीपी या पदोन्नतीशिवाय पगारवाढ देणाऱ्या योजनेमुळे 8, 16 आणि 24 वर्षांनंतर वरची वेतनश्रेणी मिळते. त्यामुळे एखाद्याचा पगार नायब सुभेदाराचा होतो, पण दंडावर हवालदाराच्या तीन फितीच राहतात. तो ऑनररी नायब सुभेदार नव्हे. त्याच्या नावाने मानद दर्जाचा अर्ज केला तर तो फेटाळला जातो आणि बिचाऱ्याला उगाच आपल्यावर अन्याय झाला असं वाटत राहतं.

गावात सत्कार ठेवणार असाल, तर मजकूर त्यांच्या डिस्चार्ज बुकवरून आणि दर्जाच्या पत्रावरून लिहा. आमच्या भागात प्रत्येक फौजीला ‘मेजर’ म्हणतात. प्रेमाने म्हणावं, पण फ्लेक्सवर छापू नये, कारण मेजर हा अधिकाऱ्याचा हुद्दा आहे. ‘ऑनररी नायब सुभेदार’, मग नाव, मग कंसात ‘निवृत्त’ असं लिहावं. सूत्रसंचालकाने युनिट, भरतीचं आणि निवृत्तीचं वर्ष, पदकं एवढं वाचलं तरी पुरे. पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं, तेही ताडून घ्या. स्वतःची पदकं डाव्या छातीवर लावतात. दिवंगत हवालदारांच्या पत्नी किंवा मुलं ती लावणार असतील, तर उजव्या बाजूला.