फोम गळला की लोक स्पीकर भंगारात देतात : आमची वाटचाल

वडलांचं रेडिओ-टेपरेकॉर्डर रिपेअरचं दुकान होतं, पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या जवळच. मी दुकानात बसायला लागलो तोवर धंदा पार बसला होता, दिवसाला एखादा मिक्सर यायचा. मग एक दिवस एक काका रिक्षातून जेबीएल एल१०० स्पीकरची जोडी घेऊन आले, १९७० च्या दशकातली. ग्रिलच्या, म्हणजे पुढच्या झाकणाच्या, फोमला हात लावला की चुरा पडत होता, व्हॉल्यूमसारखे जे दोन नॉब पुढे असतात ते खरखरत होते. मुलगा म्हणत होता भंगारात द्या, काकांचा जीव होत नव्हता.

पहिल्याच कामात मी चूक केली. दीड व्होल्टचा सेल लावून वूफर, म्हणजे बासचा मोठा स्पीकर, चेक केला तर प्लस लाल टर्मिनलला लावूनही त्याचा कोन, म्हणजे शंकूसारखा कागदी पडदा, बाहेर यायच्या ऐवजी आत गेला. मला वाटलं आधी कोणीतरी वायर उलट्या जोडल्यात, म्हणून मी त्या एका बॉक्सच्या वायर फिरवल्या. दोन्ही एकत्र लावले तर बास गायब! वडलांनी नुसतं ऐकून सांगितलं, एक ढकलतोय आणि एक ओढतोय. जुन्या जेबीएलचे कोन प्लसला आतच जातात हे मला तेव्हा कळलं. वायर परत फिरवल्या, काकांनी सोबत आणलेली कुमार गंधर्वांची एलपी लावली आणि तंबोरा सुरू झाल्यावर दुकानात कोणी बोललंच नाही. तेव्हाच मी ठरवलं की आता हेच करायचं, जुने स्पीकर दुरुस्त करायचे.

लोक विचारतात, जुन्यात असं काय आहे? माझं मत सांगतो, गळा, म्हणजे गाणाऱ्याचा आवाज. मोठा, हलका कागदी कोन थोडासाच हलतो आणि तेवढ्यात आवाज भरून येतो. स्पीकर एका वॉटला किती आवाज देतो ते डीबीत मोजतात; ९६ डीबीच्या स्पीकरला जिथे १ वॉट पुरतो तिथे ८४ डीबीच्या छोट्या स्पीकरला तेवढ्याच आवाजासाठी १६ वॉट लागतात, म्हणून रात्री हळू आवाजात ऐकलं तरी जुन्यावर शब्द न् शब्द कळतो. नाट्यगीतं, भावगीतं, पन्नास-साठच्या दशकातली मोनो गाणी यावर ऐकाच. अगदी खालचा बास आणि वरची चमक नव्या स्पीकरांची चांगली असते हे मी गिऱ्हाईकाला आधीच सांगतो, पण माणूस समोर बसून गातोय असं मला जुन्यावरच वाटतं.

काम बहुतेक वेळा फोमचंच असतं. ७०-८० च्या दशकातल्या बऱ्याच वूफरची कड फोमची, ती दमट हवेत गळते, कोकणातून आलेल्या जोड्यांचा तर नुसता चिकट लगदा झालेला असतो. कोन आणि त्याला हलवणारी तारेची कॉइल मात्र ठणठणीत असतात! जुना गोंद खरवडायला अख्खा दिवस जातो, तिथे घाई केली की कागद फाटलाच. क्रॉसओव्हरमधले, म्हणजे बारीक आणि जाड आवाज वेगळे करणाऱ्या सर्किटमधले, सुकलेले कपॅसिटर बदलतो, पण नुसता नवा फिल्म कपॅसिटर टाकला तर ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) जरा कर्कश होऊ शकतो कारण जुन्याचा स्वतःचा थोडा रेझिस्टन्स असायचा, म्हणून ऐकून बघून गरज असेल तर छोटा रेझिस्टर घालतो.

आतलं सगळं काढून ब्लूटूथ बोर्ड बसवून द्या, अशी कामं मी घेत नाही, पैसे चांगले मिळत असले तरी. मागे एका फिलिप्सच्या व्हॉल्व्ह रेडिओतला स्पीकर आला होता, कोणीतरी नव्या अॅम्प्लिफायरला लावला, आवाज अगदी बारीक आला, म्हणून गेलाय असं ठरवून टाकलेलं. तो होता ८०० ओहमचा, म्हणजे खूप जास्त रेझिस्टन्सचा, आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या सर्किटसाठी बनवलेला. परत त्याच्याच रेडिओत बसवला, बोलायला लागला.

आता आम्ही तिघं आहोत, मी, बायको आणि एक पोरगा, आणि कोनचं नाजूक काम बायकोच करते, तिच्या हाताला तोड नाही. सध्या बेंचवर रत्नागिरीची जोडी आहे, फोम लावून झालाय पण एका वूफरची कॉइल किंचित घासतेय, त्यामुळे उद्या कोनच्या मधली टोपी (डस्ट कॅप) काढून, कॉइलभोवती पातळ पट्ट्या (शिम) घालून परत सेंटर करायचाय.